मागे कोण बसतं?

आमच्या धंद्याचं वाटोळं एका शब्दाने केलं. तो शब्द म्हणजे 'कडक'. आपल्याकडे चहा कडक लागतो, इस्त्री कडक लागते, मास्तर कडक असले तर पोरं शिकतात, आणि आजकालच्या पोरांना एखादी गोष्ट आवडली की तीही 'कडक'च असते. त्यामुळे गाडी घेऊन आलेला माणूस दार उघडायच्या आत सांगतो, "काका, सस्पेन्शन एकदम कडक करून टाका." त्याला म्हणायचं असतं, चांगलं करा. पण आमच्या कामात कडक म्हणजे खरोखरच कडक, लाकडी पाटावर बसून जेवतो त्या पाटाइतकं. हा फरक मी जन्मभर समजावत आलो. कोणाला समजला असेल असं वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांची गाडी माझ्याकडे येते. ते म्हणाले, "गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा, लोकांना दिवाळीत हसायला हवं असतं." गमती आहेत, एखादी सांगतोही. पण लिहायला बसलो की एकच गाडी डोळ्यांसमोर येऊन उभी राहते आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही. संपादकांनी छापलं तर छापलं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला माझं दुकान आहे. इंजिनाला मी हात लावत नाही, एसीचं मला काही कळत नाही. चाक आणि बॉडी यांच्या मध्ये जे काही असतं तेवढंच माझं. सुरुवात केली ती पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या वडाप जीपांचे मोडके पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, बदलण्यापासून. त्या जीपांत माणसं आत मावत नसत म्हणून बाहेर लोंबकळत, आणि पाटा मोडला तरी चालक तो दोरीने बांधून गाडी आणत असे. त्या जीपवाल्यांनी मला कधी 'कडक' सांगितलं नाही. ते म्हणत, "माल बी टिकला पायजे आन् माणूस बी." एवढी नेमकी ऑर्डर मला पुढे कोणी दिली नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्डा आला की ती दबते आणि धक्का पोटात घेते. पण दबलेली स्प्रिंग परत उसळते, पुन्हा दबते, आणि तिला कोणी आवरलं नाही तर गाडी नाचतच राहते. तिला आवरायला शेजारी शॉकअप असतो, म्हणजे तेल भरलेली जाड नळी. नावात शॉक असला तरी धक्का खाणं हे त्याचं काम नाही. धक्का स्प्रिंग खाते, शॉकअप फक्त नंतरची रडारड थांबवतो. दोघांचं जमलं तर संसार सुखाचा. एकाला बदलून दुसऱ्याला तसंच ठेवलं की कटकट सुरू होते.

पुढे छोट्या गाड्यांनाही टर्बो आला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जोर हळूहळू येत नाही, मागून कोणी ढकलल्यासारखा एकदम येतो. गाडीचं नाक वर उठतं, बूड खाली बसतं, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात वळवळतं. म्हणून अशा गाडीला सस्पेन्शन सुधारून घ्यावंसं वाटणं काही वावगं नाही. पण ज्या गाडीने रोज कामावर जायचं, भाजी आणायची, त्या गाडीला क्रम पाळावा लागतो. आधी टायर चांगले घ्या. मग झिजलेले रबरी बुश बदला, कारण निम्मा खडखडाट त्यांचाच असतो. मग चांगले शॉकअप बसवा. स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही गरज असेल तर. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्या दिवशी स्प्रिंग कापून गाडी जमिनीला टेकवतात, चपटे टायर चढवतात, आणि नंतर माझ्याकडे येऊन विचारतात, काका, पाठ का दुखते?

खराब रस्त्यावर कडक गाडी जोरातही पळत नाही, हे सांगितलं तर लोकांना मी खोटं बोलतोय असं वाटतं. खड्ड्यावरून कडक गाडीचं चाक उडतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. चाक जमिनीला धरून ठेवणं, एवढंच आमचं काम. मोबाईलवर ज्या गाड्या बघून पोरं येतात त्या काचेसारख्या रस्त्यावर धावतात. आमच्याकडे पावसाळा उलटला की रस्ता कुठे आहे ते शोधावं लागतं.

म्हणून माझा एकच प्रश्न ठरलेला असतो. गाडी कोणतीही असो, मी विचारतो, "मागे कोण बसतं?" आणि काम झालं की चाचणीला जाताना मी स्वतः मागच्या सीटवर बसतो. गाडी मालकाने चालवायची. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा त्याला आधी दिसतो, अंग आपोआप सावरलेलं असतं. मागच्याला काही दिसत नाही. त्याला खड्डा बसतो तेव्हाच कळतो. गाडी कशी झाली हे मागच्याला विचारायचं असतं. या सवयीमुळे अंबडमध्ये मला 'मागे बसणारे काका' म्हणतात. कोणी थट्टेने म्हणतं, कोणी तसंच.

कबूल केलेली गंमत सांगून टाकतो. एक नवरदेव लग्नाच्या आठवड्यात गाडी घेऊन आला. स्प्रिंग आधीच कापून आणल्या होत्या आणि वर त्याला कडक शॉकअप हवे होते. मी विचारलं, मागे कोण बसतं? म्हणाला, "काका, मागे बसायचं कोणी? फोटोत गाडी खाली बसलेली दिसली पाहिजे." मी म्हटलं, बाबा रे, वरातीत मागे नवरी बसेल, करवली बसेल, तिच्या मांडीवर कोणाचं तरी पोर बसेल. तो हसला आणि दुसरीकडून काम करून घेतलं. मंगल कार्यालयाच्या फाटकातच ब्रेकर होता. फुलांनी सजवलेली गाडी त्याच्यावर पोटावर टेकली आणि चारही चाकं बिनकामाची झाली. शेवटी नवरीला शालूसकट उतरवलं, करवलीला उतरवलं, रिकामी गाडी वऱ्हाड्यांनी उचलून पलीकडे ठेवली आणि नवरी ब्रेकर पायी ओलांडून पुन्हा आत बसली. हे मला नवरीच्या मामांनीच सांगितलं, पुढच्या महिन्यात त्याच स्प्रिंग बदलायला आले तेव्हा. मामा म्हणाले, "पोरीने गाडी उचलतानाचे फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलेत." एवढी गंमत पुरे.

योगेश पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाही कडकच हवं होतं. तो ओझरच्या विमानाच्या कारखान्यात कामाला, राहायलाही तिकडेच. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. टर्बोची छोटी पेट्रोल गाडी, तिचा संगणक बदलून जोर आणखी वाढवलेला. माझा प्रश्न ऐकून म्हणाला, "मागे कोणी नाही बसत काका. मी नि बायको. ती पुढेच बसते." उत्तर सरळ होतं. मग मी त्याला उंची कमीजास्त करता येईल असा स्प्रिंग-शॉकअपचा चांगला कडक संच बसवून दिला, गाडी जमिनीला टेकवली मात्र नाही. रोज हायवेवरून जाणाऱ्या, मागची सीट रिकामी असलेल्या माणसाला ते शोभत होतं. चाचणीला मी मागे बसलो तर सगळे मणके मोजून झाले. योगेश आरशातून बघून हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही पुढे या." पुढे बसलो तर गाडी खरंच छान होती.

दुसऱ्यांदा आला तेव्हा गाडीतून उतरून बराच वेळ दाराला टेकून उभा राहिला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "काका, मागे आता माय बसते."

त्याची आई सटाण्याच्या पुढच्या एका खेड्यात एकटी राहायची. आजार झाला, तिला ओझरला आणलं, नाशिकच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. पण आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हाडं ठिसूळ झालीत, एखादा जोराचा धक्का बसला तरी मणका जाऊ शकतो. आणि उपचाराने फार फरक पडेल असंही नाही. आईला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळायचं ते कळलं असावं. तिने एकच धोशा लावला होता, मला घरी जायचंय.

"रुग्णवाहिका का नाही करत?" मी विचारलं.

"नाही म्हणते. म्हणते, गावात तशी गाडी शिरली की बाया दारातच रडायला लागतील. पोराच्या गाडीत बसून जाईन म्हणते." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सटाण्याच्या पुढंपर्यंत तिला लागणार नाही अशी गाडी करून द्याल का काका?"

मी हो म्हणालो. इतकी वर्षं ज्या कामाची वाट बघत होतो ते काम समोर आलं, असंही मनात येऊन गेलं. ते आठवलं की आता लाज वाटते, पण येऊन गेलं खरं.

हे काम सोपं नव्हतं. नुसतं मऊ करून भागत नाही. फार मऊ गाडी पाळण्यासारखी झुलते आणि औषधांनी आधीच मळमळणाऱ्या माणसाला ओकारी होते. कडक केली तर हाडं सांभाळायची कशी? मधली जागा अगदी अरुंद होती. कडक संच काढून गाडीच्या मूळ स्प्रिंग परत घातल्या. मोठी चाकं काढून एक माप लहान चाकं आणि फुगीर, जाड टायर घातले, कारण पहिला धक्का टायर खातो. सगळे बुश नवे टाकले. वेगळे शॉकअप आणून ते उघडले, आतल्या पातळ चकत्या बदलल्या, म्हणजे दबताना नळी पटकन वाट देईल आणि उठताना आवरून धरेल. योगेशने गाडीचा वाढवलेला जोर स्वतःहून काढून टाकला. टर्बोचा तो मागून बसणारा धक्का त्याला एकेकाळी फार आवडायचा, पण मागे बसलेल्याच्या मानेला त्याने हिसका बसतो.

दवाखान्यातून परतताना एकदा तो आईला घेऊन दुकानावर आला. मागच्या सीटवर गोधडीची घडी आणि तिच्यावर टेकून बसलेली एक किरकोळ बाई, डोक्यावर पदर नीट घेतलेला. मी पलीकडच्या दाराने आत बसलो तसं तिने अहिराणीत विचारलं, "तू मांगे कसाले बठना, भाऊ?"

"कुठे लागतं ते बघायला, मावशी."

"लागस ते माले. तुले काय समजी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरं सांगत होती.

वसाहतीतल्या उखडलेल्या रस्त्यावरून योगेश गाडी नेत होता. प्रत्येक खड्ड्यानंतर आरशात बघून विचारायचा, "लागनं का, माय?" आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "नही." तिचा हात सीटवर माझ्या हाताशेजारी होता. धक्का आला की तिची बोटं गोधडीत रुतायची, मग पुन्हा सैल व्हायची. तोंडाने "नही" आणि बोटांनी हो. माझ्या लक्षात आलं की हिच्या तोंडावर विसंबून काही उपयोग नाही. परत येऊन मी मागच्या शॉकअपचा मऊ-कडक करायचा स्क्रू थोडा फिरवला, पुन्हा चक्कर मारली, पुन्हा फिरवला. मी ती गाडी तिच्या बोटांवर लावली. शेवटच्या चकरेत एका मोठ्या खड्ड्यावरून गाडी गेली आणि बोटं हलली नाहीत. योगेशने विचारलं, "लागनं का?" ती म्हणाली, "नही," आणि या वेळी ते खरं होतं. एवढं समाधान मला धंद्यात पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

जायच्या दिवशी त्याने मलाही बरोबर घेतलं. म्हणाला, "काका, तुम्ही मागे बसा तिच्याजवळ. मला आरशात कळत नाही." त्याची बायको आदल्या दिवशी एसटीने पुढे गेली होती, बंद घर उघडून झाडझूड करायला आणि स्वयंपाकाला. आम्ही सकाळी उन्हं वर आल्यावर ओझरहून निघालो.

हायवेवर काही प्रश्नच नव्हता. पिंपळगाव मागे पडलं तसा मावशींना चक्क डोळा लागला. भावडबारीचा घाट योगेशने असा घेतला की त्यांची मानही कलली नाही. देवळ्याच्या पुढे त्या जाग्या झाल्या आणि बाहेर बघायला लागल्या. कोणाचं शेत कुठे लागतं, कोणाच्या कांद्याच्या चाळीवर नवे पत्रे आलेत, कोणाची पोरगी त्या वस्तीवर दिली, सगळं सांगत होत्या. आजार अंगातून उतरून मागेच कुठेतरी राहिला असं वाटत होतं. सटाणा ओलांडलं तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि कपाळाचं कुंकू पुसलं तर नाही गेलं ना, हे मला विचारलं. नवरा कधीचाच गेला होता, कुंकू नव्हतंच. मी म्हटलं, सगळं ठीक आहे मावशी.

गावाच्या फाट्यावरून आत वळलो आणि थोडं पुढे रस्ता संपला. संपला म्हणजे उकरून ठेवला होता. जुनं डांबर खरवडून काढलेलं, त्यावर मुठीएवढी खडी अंथरलेली, रोलरचा पत्ता नाही. कडेला कामाचा फलक होता आणि कामावर कोणीच नव्हतं. योगेशची बायको आदल्या दिवशी एसटीतून फाट्यावर उतरून पाऊलवाटेने गेली होती, तिला हा रस्ता दिसलाच नव्हता. दुसरीकडून वाट होती ती ओढ्यातून, ती तर याहून वाईट.

योगेश खाली उतरून थोडं पुढे चालत जाऊन बघून आला. म्हणाला, "हळूहळू काढतो."

गाडी माणसाच्या चालीने चालली होती तरी प्रत्येक दगड वेगळा कळत होता. अशा खडीवर स्प्रिंगला दबायला वेळच मिळत नाही. एक धक्का पोटात घ्यावा तर दुसरा आलेला असतो. शॉकअप, बुश, जाड टायर, मी जे जे केलं होतं ते सगळं चालू होतं आणि कशाचाच उपयोग होत नव्हता. मावशींची बोटं आता गोधडीत नव्हती, माझ्या मनगटावर होती. "लागनं का, माय?" "नही." पुन्हा, "लागनं का?" "नही." माझ्या मनगटावर नखं उमटली. मी योगेशला थांब म्हणणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "थांब."

समोर गाव दिसत होतं. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, कडुनिंबाची झाडं. त्यांनी मला त्यांचं घर कुठल्या झाडामागे आहे ते दाखवलं. मला झाडांची गर्दीच दिसली, पण मी हो म्हटलं. योगेश म्हणाला, "माय, मी पोरं बोलावतो. खाट आणू. अलगद उचलून नेऊ."

त्यांनी मान हलवली. "चार जणस्ना खांदावर एकदाच जासू."

मावशी गावाकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मांगे फिर, भाऊ. तुनी गाडी चांगली शे. रस्ताच नही."

हे 'भाऊ' त्यांनी योगेशला म्हटलं की मला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पोराला भाऊ म्हणायची त्यांच्याकडे रीत आहे. योगेशने खडीवर गाडी वळवली. वळवताना त्याला मागे बघावं लागलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी त्याच्या बायकोने चूल पेटवलेली होती. तिला त्याने फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मुद्दाम गाडीतून उतरून लांब जाऊन उभा राहिलो.

परतीच्या वाटेवर मावशींनी एकदाही बाहेर बघितलं नाही.

थोड्याच दिवसांनी ओझरलाच त्या वारल्या. मातीला मी गेलो होतो. अंत्ययात्रेची गाडी त्याच फाट्यावरून आत वळली. खडी अजून तशीच होती. गाडी धाडधाड आपटत थोडी पुढे गेली आणि अडकली. मग लोक उतरले आणि तिथून पुढे चार जणांनी खांदा दिला. आता धक्क्यांची काळजी कोणाला करायची नव्हती. त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं.

तेव्हापासून मला हा धंदा निरर्थक वाटायला लागलाय. पूर्वी लोकांवर चिडायचो, कडक मागतात म्हणून. आता चीडही येत नाही. मी जन्मभर चाक आणि बॉडी यांच्या मधली ती वीतभर जागा सुधारत बसलो. चाकाच्या खाली काय असेल, ते माझ्या हातात कधीच नव्हतं. हे आधीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि मनगटावर नखं उमटणं वेगळं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम त्या खडीपर्यंत पोहोचलं आणि तिथून मागे फिरलं. त्याच्या पुढे मला काही येत नाही. घरचे म्हणतात, तुम्ही तुमच्याकडून केलंत ना. केलं. त्याचं काय करू?

योगेश तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस नुकतेच उगवायला लागले होते. डिकी उघडली तर आत तो जुना कडक संच, कापडात गुंडाळलेला.

"तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो," तो म्हणाला. "मागे आता कोणी बसत नाही. पुन्हा कडक करून द्या."

मी म्हटलं, "असू दे ना आहे तेच. चांगली चालतेय गाडी."

"म्हणूनच नको काका. खड्डा आला तरी काही लागत नाही. रोज कामावर जाताना तेवढंच जाणवत राहतं. सहन होत नाही ते."

काम केलं. चांगलं केलं, कामात खोट नाही ठेवली. माझ्या हाताने लावलेले ते शॉकअप काढून बाकड्यावर ठेवले. ते अजून तिथेच आहेत. कोणी विचारलं तर विकायचे नाहीत म्हणून सांगतो. दुसऱ्या कुठल्या गाडीला ते तसे बसणारही नाहीत.

मग चाचणी. सवयीने मी मागचं दार उघडलं. गोधडीची घडी अजून सीटवर होती, तिच्या बाजूची. मी ती हलवली नाही, माझ्या जागेवर बसलो. योगेशने गाडी काढली आणि वसाहतीतल्या त्याच उखडलेल्या रस्त्यावर घातली. पहिलाच खड्डा असा बसला की दात वाजले, पाठीतून कळ डोक्यात गेली. गाडी हवी तशी कडक झाली होती.

योगेशने आरशात बघितलं. त्याची नजर माझ्यावर नव्हती, गोधडीच्या बाजूला होती.

"लागनं का?" तो म्हणाला.

मला अहिराणी येत नाही. पण एवढा एक शब्द येत होता.

"नही," मी म्हणालो.